परबमास्तरांच्या कुत्र्याचं क्षेत्रफळ

लोक दारात रांगोळी काढतात. परबमास्तर कुत्र्याभोवती वर्तुळपाकळी काढत.

मास्तर आमच्या मुलुंडच्या चाळीतले निवृत्त गणितशिक्षक. त्यांचा वाघ्या चाळीच्या कोपऱ्यावरच्या पाइपाला बांधलेला असे. मास्तरीणबाई त्याला धरून बसायच्या आणि मास्तर सुतळीला खडू बांधून साखळीच्या मापाची कमान ओढायचे. दिवाळीनंतर बाई गेल्या. मास्तर ती रेघ बाहेरूनच गिरवू लागले. भाताची थाळीसुद्धा काठीने आत ढकलत. शिस्त म्हणजे शिस्त, असं आम्ही समजायचो.

"त्रिज्या सात फूट. पाव वर्तुळ भिंतीनं खाल्लं, कोन दोनशे सत्तर. बोल, कुत्र्याचं क्षेत्रफळ किती?" असं ते कोणालाही अडवून विचारत. एकशे साडेपंधरा चौरस फूट, हे आमच्या दूधवाल्यालाही पाठ होतं.

मी दहावीत होते, पण बोर्डापेक्षा मला वाघ्याची धास्ती जास्त. नळावर जायची वाट रेघेला चिकटूनच होती. "घाबरा नको गो, रेषेभायर भिया नाय," मास्तर ओट्यावरून सांगत.

एके सकाळी मी रेघेबाहेर असतानाच वाघ्याने झेप घेऊन माझा परकर धरला. मी किंचाळले, पडले, कळशी गडगडत गेली. परकर टर्रकन फाटला आणि मी वाचले. मास्तर धावत आले आणि रेघेकडे बघतच राहिले. साखळी गळ्यातल्या पट्ट्यापाशी संपते. त्यापुढे मान असते, जबडा असतो. त्रिज्येत कुत्राच धरायचा राहिला होता.

संध्याकाळी चाळ जमली. उद्या मुन्शिपाल्टीची गाडी बोलवायची, असं बाबांनी सरळ सांगितलं. साखळी आखूड करू, मास्तर म्हणाले. पण आत जाऊन करणार कोण? सगळे मागे सरले.

मास्तरांनी चपला काढल्या आणि रेघ ओलांडली. वाघ्या गुरगुरला. त्यांनी डोळे घट्ट मिटून साखळीचे दोन वेढे पाइपाला दिले. वाघ्याने त्यांचा हात हुंगला आणि तो खाली बसला.

बाहेर येऊन ते ओट्यावर कोसळलेच. मी पाणी दिलं, तर पेला दातांवर वाजत होता.

"मास्तर, एवढी भीती वाटते तर देऊन टाका ना त्याला," बाबा हलकेच म्हणाले.

मास्तरांनी मान हलवली. "त्येचो भिया वाटता माका, पयल्यापासून. पण ती गेल्यापासून घरात एकट्यान रवाक त्याच्यापेक्षा जास्त भिया वाटता."