रिळाचा ब्रेक सैल ठेवावा

"जावईबापू, आज तलावावर जरा डोळे उघडे ठेवा आणि घरी आल्यावर मला खरं काय ते सांगा," सासूबाईंनी जावयाला स्वयंपाकघराच्या दारात गाठून हळूच सांगितलं. "ह्यांना आता जमत नसेल, तर गळाच्या काठ्या माळ्यावर आणि गाडी माझ्या भावाला. तो कधीचा मागतोय."

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांचा रविवार कित्येक वर्षं तलावावर मासे धरण्यात जायचा आणि कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून उरलेले सहा दिवस त्याच्या तयारीत. तो रविवारच गेला, तर माणूस खुर्चीत बसून सुकून जाईल, हे जावयाला दिसत होतं. आणि सासूबाईंशी खोटं बोलायची हिंमत अजून त्या घरात कोणी केली नव्हती.

अण्णांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. जावयाला उशिरा का होईना सुबुद्धी सुचली आणि तो शिकायला आला, अशी त्यांची समजूत. त्यामुळे गाडी गल्लीबाहेर पडायच्या आत त्यांचा वर्ग भरला.

"काठी साधी असली तरी चालते. तंगूस मात्र पक्का हवा."

"तंगूस म्हणजे?"

"अहो, गळाची नायलॉनची दोरी. आपला तंगूस पाण्यात माशाला दिसत नाही आणि वीस किलोला तुटत नाही. आता तंगूस गुंडाळलेलं रीळ. रिळाचा ब्रेक मासा लागेपर्यंत सैल ठेवायचा. उगाच आवळून ठेवलात, की आतल्या चकत्या चिकटून बसतात."

"हो."

"तलावाची वाट खडबडीत आहे, म्हणून आधी हवा बघायची. चारही चाकांची. लोक तीन बघतात आणि चौथं देवावर सोडतात."

"हो."

"आणि हे तर लिहूनच ठेवा. गळ सोडवल्याशिवाय काठी गाडीत ठेवायची नाही. भल्याभल्यांची फजिती पाहिलीय मी."

हा शेवटचा नियम त्या दिवशी खुद्द अण्णांनीच मोडला होता. जावयाला दाखवायच्या हौसेपायी त्यांनी तीन गळ लावलेला नवा नकली मासा तंगुसाला बांधला आणि तो सोडवायचा राहून गेला. काठी मागच्या सीटवरून दोन्ही पुढच्या सीटांच्या मधे आली होती. कुठल्याशा वळणावर तो नकली मासा काठीच्या टोकावरून घरंगळला आणि अण्णांच्या पँटच्या मागच्या खिशात रुतून बसला.

पेट्रोल पंपावर अण्णा दार उघडंच टाकून हवा बघायला उतरले. ब्रेक नियमाप्रमाणे सैल, त्यामुळे तंगूस मुकाट्यानं त्यांच्यामागे निघाला. अण्णांनी चारही चाकांना मिळून दोन प्रदक्षिणा घातल्या. मग हवेच्या यंत्राचा काटा चुकतोय असं वाटून ते यंत्राभोवती फिरले. मग ते सांगायला पंपवाल्याच्या खोलीपर्यंत जाऊन आले. तंगूस माशाला दिसत नाही तसा माणसांनाही दिसत नाही. जावई आत बसून अण्णांचा उत्साह बघत होता आणि सासूबाईंना सांगायला चांगले चांगले शब्द जुळवत होता.

तेवढ्यात खांद्यावर शिडी घेतलेला एक रंगारी गाडी आणि अण्णा यांच्यामधून गेला. शिडीची पायरी तंगुसात अडकली. रंगाऱ्याला कामावर उशीर झाला होता, तो झपाझप चालत राहिला, आणि मागच्या सीटवरचं रीळ कर्रकर्र करत सुटलं.

तीस वर्षं मासा लागल्याचा हा आवाज ऐकला, की अण्णांना दुसरं काही सुचत नसे. आत्ताही सुचलं नाही.

"लागला! आवळ, ब्रेक आवळ!" ते ओरडले. लग्नाला तीन वर्षं झाली, पण जावयाला त्यांनी पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

जावयानं सासऱ्यांची आज्ञा मानली. मागे हात घालून त्यानं ब्रेक होता नव्हता तेवढा आवळला. रीळ थांबलं. रंगारी थांबला नाही. तंगूस वीस किलोचा होता, पँट मात्र तेवढी नव्हती. खिसा आणि खिशाखालचा बराचसा भाग शिडीमागोमाग पंपाबाहेर गेला.

रंगारी भला माणूस. त्यानं कापड परत आणून दिलं, वर रंग सांडू नये म्हणून अंथरायची चादरही दिली. ती कमरेला गुंडाळून अण्णांनी गाडी घराकडे वळवली. तलावाचं पाणी त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. परतीच्या वाटेवर त्यांनी एकही नियम सांगितला नाही, आणि जावयाला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

सासूबाईंनी दार उघडलं, चादर पाहिली आणि थेट जावयाला विचारलं, "काय झालं?"

अण्णा खाली मान घालून चपला काढत होते. एका चपलेला इतका वेळ लागत नाही.

"माझं चुकलं," जावई म्हणाला. "काठी मी गाडीत ठेवली. गळ सोडवायचा राहिला."

अण्णांनी मान वर केली. मग घसा साफ करून ते म्हणाले, "मी सांगितलं होतं ह्यांना. रस्ताभर सांगत होतो."

"खरंच सांगत होते?"

"खरंच," जावई म्हणाला, आणि एवढं तरी खरं असल्याचं त्याला बरं वाटलं.

सासूबाईंनी दोघांना नीट न्याहाळलं. "म्हणजे ह्यांना सगळं जमतंय. तुम्हालाच काही येत नाही. आता सहा महिने दर रविवारी ह्यांच्याबरोबर जायचं आणि शिकायचं. आणि अहो, गाडी तुम्हीच चालवा. जावईबापूंच्या हातात देऊ नका."

जावई रविवारी दहापर्यंत झोपायचा. तो काही बोलणार, तोच सासूबाई आत गेल्या. अण्णा चादर सावरत जवळ आले. आता आभार मानतील, म्हणून जावयानं "असू द्या हो अण्णा" म्हणायची तयारी ठेवली.

"पुढच्या रविवारी पहाटे पाचला," अण्णा म्हणाले. "उशीर करू नका. तुमच्यापायी एक रविवार आधीच फुकट गेलाय."