विहीणबाईंच्या कपाटातला केक

केकचं काम सोवेमिमोंवर कुणी सोपवलं नव्हतं. ते त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं. लेकीच्या लग्नाच्या बैठकीत मंडप, बँड, जोलोफ भाताची पातेली असे सगळे विषय बायकांनी आपसात वाटून घेतले आणि शेवटी केक तेवढा उरला. अबेओकुटाच्या पाणीपुरवठा कचेरीत एकतीस वर्षं फायली सांभाळलेला माणूस एका केकला थोडाच भिणार होता?

"पाच मजली हवा," बायकोनं बजावलं. तिला सगळी गल्ली मोरेनिकेची आई म्हणूनच ओळखायची. "व्याह्यांच्या, फाग्बेन्रोंच्या, थोरल्या मुलीच्या लग्नात चार मजली होता. आपला एक मजला तरी वर पाहिजे. आणि हे घ्या साडेतीन लाख नायरा. सगळे केकचे. ऐकलंत ना, मोरेनिकेचे बाबा? सगळे."

"हे तू मला सांगतेस?" असं म्हणून सोवेमिमोंनी नोटा खिशात घातल्या. (त्या क्षणी खिसा जरा जास्तच ऊबदार लागला, हे त्यांनी नंतर स्वतःशी कबूल केलं.)

केक करणारी सिस्टर रोंके त्यांच्याच चर्चच्या गायनमंडळातली. वही उघडून तिनं सरळ विचारलं, "पाचही मजले खरे करायचे, की शहाण्यासारखे करायचे?"

"म्हणजे काय?"

"खरे केले तर साडेतीन लाख. शहाण्यासारखे केले तर एक लाख साठ. खालचे तीन मजले थर्माकोलचे. वरून तेच आयसिंग, तीच साखरेची फुलं. पंख्याच्या वाऱ्यानं डुलू नयेत म्हणून आत वाळूची पिशवी घालते. वरचे दोन खरे, एक पास्टरना आणि एक विहीणबाईंना. कापायला छोटा केक वेगळा ठेवू. खालचे मजले कोण बघतंय? ते माझ्याकडे परत येतात."

"चांगल्या घरचे लोक असं करतात?"

"नावं सांगितली तर उद्यापासून तुम्ही निम्म्या गावाकडे बघून हसाल, साहेब."

सोवेमिमोंना हे हिशेबाला धरून वाटलं. जे कुणी खाणार नाही त्यावर पैसा कशाला घालवायचा? राहिलेल्या एक लाख नव्वदात त्यांनी स्वतःसाठी आकाशी लेसचा आग्बादा, म्हणजे पायघोळ झगा, शिवून घेतला. तो इतका घेरदार होता, की त्याच्या बाह्या दर दोन मिनिटांनी खांद्यावर टाकाव्या लागत, आणि त्या टाकताना माणूस आपोआप श्रीमंत दिसे. घरी सांगितलं, लागोसच्या जुन्या मित्रानं भेट दिला.

लग्न दणक्यात झालं. सिस्टर रोंकेनं केकपाशी उभं राहून येशूच्या नावाचं एकेक अक्षर पाहुण्यांकडून म्हणवून घेतलं, शेवटच्या अक्षराला मोरेनिके आणि नवरदेव दापोनं छोटा केक कापला, टाळ्या पडल्या. सोवेमिमो बाह्या खांद्यावर टाकत होते. तेवढ्यात विहीणबाई नाचायला उतरल्या.

दापोची आई, म्हणजे मामा फाग्बेन्रो (तिकडे आईलाच मामा म्हणतात), इतोकू बाजारात निळीचं कापड विकायच्या. बाई आडव्या बांध्याच्या आणि दिलदार. सुनेच्या कपाळावर त्यांनी इतक्या नोटा चिकटवल्या, की खाली पडलेल्या गोळा करायला दोघी बायका कमी पडल्या. हे बघून निवेदकाच्या अंगात आलं.

"अशा सासूला वरून दुसरा मजला द्यायचा?" तो माईकवर ओरडला. "चिमुकला? नाही. मामांना सगळ्यात खालचा. सगळ्यात मोठा."

मंडप टाळ्यांनी दणाणला. सोवेमिमोंची पाचावर धारण बसली. बाह्या सांभाळत ते टेबलाकडे धावले.

"अहो, तो फार जड आहे. आम्ही उद्या घरपोच करतो."

"जड?" विहीणबाई प्रसन्न झाल्या. "अहो, मग तर आत्ताच नेणार."

वरचे मजले उतरवले गेले. मामांच्या मंडळातल्या एकसारखे फेटे बांधलेल्या चौघी पुढे आल्या आणि त्यांनी खालचा मजला कण्हत उचलला. "केक असावा तर असा," त्यातली एक म्हणाली. "वजनावरूनच कळतंय, आत मनुका किती आहेत ते." वाळूची पिशवी घालणाऱ्या सिस्टर रोंकेला त्या वेळी पंख्याकडे बघण्याचं महत्त्वाचं काम लागलं होतं.

सोवेमिमोंना वाटलं, आता उद्या सकाळपर्यंतच आपली अब्रू. पण विहीणबाईंनी माईक हातात घेतला. "हा केक मी कापणार नाही. आमच्या आईची रीत आहे. हा कपाटात राहील आणि नातवाच्या बारशाला कापला जाईल."

जीव भांड्यात पडला खरा, पण ते भांडं मामांच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात जाऊन बसलं, कुलूपबंद. सोवेमिमो तिथं चहाला गेले, की खुर्ची नेमकी कपाटासमोरची मिळायची.

"खाऊन टाका हो विहीणबाई. उगाच खराब होईल," ते म्हणायचे.

"मनुकांचा केक जुना झाला की अजून मुरतो," त्या म्हणायच्या.

"उंदीर लागतील."

"काच आहे ना."

केक दुसरा करून बदलायचा, हा विचार त्यांच्या मनात रोज यायचा. पण त्यासाठी आग्बादा विकायला हवा होता, आणि आग्बादा रविवारी चर्चमध्ये फार शोभून दिसायचा. नातू काय, देवाच्या मनात असेल तेव्हा होईल. देवानं जरा दमानं घ्यावं, अशी प्रार्थनाही त्यांनी केली. (मुलीचा बाप अशी प्रार्थना करतो हे देवानं बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं असेल, म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही.)

वर्षाच्या आत मोरेनिकेला मुलगा झाला. सोमवारी पहाटे फोन आला, बायको अंगणात नाचली, शेजारणी नाचल्या, आणि सोवेमिमो पायरीवर मटकन बसले. सगळ्यांना वाटलं, आनंदानं गलबलले बिचारे. आठव्या दिवशी बारसं. शंभर पाहुण्यांसमोर मामा थर्माकोलात सुरी घालणार, आतून वाळू सांडणार, आणि मोरेनिकेला जन्मभर सासरी ऐकावं लागणार की तुझ्या बापानं आम्हाला वाळू खायला दिली. पोरीचा उतरलेला चेहरा त्यांना डोळ्यांसमोर दिसला.

त्याच दुपारी आग्बादा विकला. घेणाऱ्यानं बाह्या खांद्यावर टाकून बघितल्या तेव्हा सोवेमिमोंनी तोंड फिरवलं. सिस्टर रोंकेनं वर्षभरात भाव वाढवले होते. अंडी महागली, लोणी महागलं. एका मजल्याला तिनं आग्बादाचे सगळे पैसे घेतले आणि वर विचारलं, "या वेळी शहाण्यासारखा नको ना?"

गुरुवारी देवच पावला. दोन्ही आज्या बाळाला आंघोळ घालायला दापोच्या घरी मुक्कामाला होत्या. विहीणबाईंनी किल्ल्यांचा जुडगा सोवेमिमोंच्या हातात दिला. "मोकळेच बसलाय ना? माझ्या घरून मोठं पातेलं घेऊन या."

सोवेमिमोंनी टॅक्सी केली, वाटेत केक घेतला, कपाट उघडलं, खोटा बाहेर, खरा आत, कुलूप. खोटा मजला सिस्टर रोंकेच्या दुकानात टाकला आणि पाय वाऱ्यावर असल्यासारखे दापोच्या घरी परतले.

"पातेलं कुठाय?" बायकोनं विचारलं.

ते राहिलंच होतं. त्यावरून बोलणी खाल्ली, पण सोवेमिमोंना वर्षभरात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

बारशाला ते जुन्या, कोपरावर विरलेल्या आग्बाद्यात ताठ बसले होते. बाळाच्या जिभेला मध लागला, मीठ लागलं, सगळ्यांनी एकेक नाव ठेवलं. टेबलावर एक केक होता, नवा कोरा, पांढऱ्याशुभ्र आयसिंगचा. कपाटातला मात्र कुठं दिसेना.

"विहीणबाई," सोवेमिमो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "आमचा केक कुठाय? तोच कापायचा ठरला होता."

"असू द्या हो. आज हा कापू."

"नाही नाही. आमचा माल वर्षभर कसा टिकतो ते लोकांना कळू दे."

विहीणबाईंनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना पडवीत नेलं. आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "हट्ट करू नका. तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगते. तो केक थर्माकोलचा होता."

सोवेमिमोंची विरलेली बाही खांद्यावरून घसरली.

"मला तिसऱ्याच दिवशी कळलं. माझ्या घरात साखरेचा डबा उघडला की मुंग्यांची रांग लागते. त्या केकला एक मुंगी शिवली नाही. त्या रोंकेनं तुम्हाला फसवलं. पाच मजल्यांचे पैसे घेतले आणि थर्माकोल दिला. मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर लोकांनी माझ्या सुनेला टोचून खाल्लं असतं. पण शनिवारी राहवेना. तो केक उचलला आणि तिच्या दुकानात नेऊन आपटला. म्हटलं, साध्या माणसाला फसवतेस?"

"मग?" सोवेमिमोंनी कसंबसं विचारलं.

"आधी नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग आत नेऊन उघडून बघितला आणि हात जोडून बाहेर आली. म्हणाली, चुकलं मामा, त्याच मापाचा खरा केक देते, फक्त आयसिंगचे पैसे द्या. तो हाच, टेबलावरचा."

सोवेमिमोंनी दारातून आत पाहिलं. सिस्टर रोंके टेबलापाशी सुरीला रिबन बांधत होती. त्यांची नजर वळताच तिला रिबनीत फार बारीक काम दिसू लागलं.

"विहीणबाई," ते म्हणाले, "खरं सांगायचं तर…"

"काही सांगू नका. भोळ्या माणसाला कुणीही फसवतं. त्यात लाज कसली?"

सोवेमिमोंना भरून आलं. ही बाई वर्षभर त्यांच्या पोरीसाठी मूग गिळून बसली होती. खरं सांगायला शब्द ओठांवर आले होते, पण भोळा हे विशेषण आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं. ते परत करायला त्यांचा जीव होईना.

केक कापला गेला. काळाभोर, मनुकांनी गच्च, रममध्ये मुरलेला. पाहुणे बोटं चाटत होते. मोरेनिकेच्या आईनं एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि मग नवऱ्याकडे वळली.

"बघा, मोरेनिकेचे बाबा. याला म्हणतात केक," ती म्हणाली. "पैसा कसा खर्च करावा ते जरा विहीणबाईंकडून शिका."