राणीची पिल्लं आणि चारशे वाती

कुंदनराव बच्छावांनी ती स्टीलची डबी देवघरावरच्या फळीवर ठेवली, तेव्हा आपण फार हुशारीचं काम केलं असं त्यांना वाटलं. (त्यांना असं वाटलं की काहीतरी हमखास बिनसतं. पण माणूस अनुभवानं शहाणा झाला असता, तर वीस वर्षं एकाच टेबलाला चिकटून क्लार्की करत बसला असता का?)

डबीत लिंबाएवढा पांढरा पुंजका होता. दिसायला थेट कापूस, पण आत होती अंडी, राणीची. राणी म्हणजे टॅरांटुला. तळहाताएवढी, केसाळ, गुडघ्यांवर केशरी पट्टे असलेली कोळीण, मूळ जात मेक्सिकोची. कागदपत्रं रीतसर, नोंदणी पक्की. लोक कुत्री पाळतात, पोपट पाळतात, कुंदनरावांचा जीव जडला तो आठ पायांच्या बाईवर. तीन वर्षं त्यांनी तिच्या घरी पाळणा हलण्याची वाट बघितली. निफाडच्या हर्षलकडून (त्यालाही कोळी पाळायचा नाद) दोनदा नवरदेव आणला. पहिला तिनं अक्षता पडायच्या आत खाल्ला. दुसरा कसाबसा जीव वाचवून निफाडला परतला आणि राणीनं एकदाची अंडी घातली!

साधनावहिनींची, म्हणजे कुंदनरावांच्या सौभाग्यवतींची, या संसाराला एकच अट होती. "माझ्या आईला यातलं काही कळता कामा नये. कळलं, तर त्या दिवशी राणी घराबाहेर. आणि अहो, तिच्याबरोबर तुम्हीसुद्धा!"

आणि नेमक्या डिसेंबरात सासूबाई, चांगुणाबाई, सटाण्याहून महिनाभर मुक्कामाला आल्या. राणीच्या काचेच्या पेटीवर कुंदनरावांनी चादर टाकली आणि बेधडक सांगून टाकलं, "आत मशरूम लावलेत. उजेड चालत नाही त्यांना."

"बरं," चांगुणाबाई म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

आठवड्याभरात नाशकात थंडीनं कहर केला. त्यातच राणीनं पुंजका कोपऱ्यात टाकून दिला आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. कुंदनरावांनी तो अलगद उचलून डबीत घेतला. आता अंडी आपणच उबवायची, दिवसातून तीनदा हलक्या हातानं फिरवायची! पण ऊब आणायची कुठून? घरात एकच जागा गरम होती. स्वयंपाकघरातलं देवघर, जिथं सासूबाई आल्यापासून समई अखंड तेवत होती. म्हणून ती डबी, ती फळी आणि ती हुशारी.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ते अंघोळ करून आले. डबी उघडली. रिकामी!

"साधना, यातला कापूस?"

"आईनं वाती वळल्या असतील. दत्तजयंती आहे ना, पाचशे वाती घेऊन मंदिरात गेलीय. का हो? एवढे पांढरे का पडलात? अहो, चपला तरी घाला!"

चपला घालायला वेळ कुणाला होता? कॉलनीच्या दत्तमंदिरात कुंदनराव अनवाणी पोचले तेव्हा सभामंडपात बायकांचा मेळा जमलेला, मधोमध वातींनी भरलेली परात, आणि परातीमागे महिला मंडळाच्या अध्यक्ष मालनबाई. शंभरेक वाती पेटूनही गेल्या होत्या. त्या ज्योतींकडे बघताना कुंदनरावांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. (बायकांना वाटलं, काय भक्ती आहे!)

त्यांनी परातीसमोर बसकण मारली, एक वात उचलली आणि उलगडली. नुसता कापूस. दुसरी उलगडली. तिसरी उलगडली.

"अहो बच्छाव भाऊ, हे काय चाललंय?" मालनबाई कडाडल्या.

"वळण बघतोय. नीट बसलंय का नाही..."

"चाळीस वर्षं वाती वळतेय मी," पलीकडून चांगुणाबाई शांतपणे म्हणाल्या. "बघा जावईबापू, निवांत बघा."

आता खरं सांगावं तर राणी घराबाहेर. न सांगावं तर तिची पिल्लं दत्तापुढे जळणार. कुंदनराव घामाघूम होऊन उलगडत सुटले. पन्नास झाल्या, शंभर झाल्या, मांडीवर कापसाचा ढीग साचला. कुणी म्हणालं, नवस असेल. कुणी म्हणालं, ऑफिसचं टेन्शन फार असतं हो. मालनबाईंनी हळूच कुणाला तरी साधनाला फोन लावायला सांगितलं. साधनावहिनी धापा टाकत आल्या, तोवर परातीत एक वात शिल्लक नव्हती. चारशेच्या चारशे उलगडल्या होत्या आणि पुंजक्याचा पत्ता नव्हता.

मग मात्र कुंदनरावांचा बांध फुटला. "आई, चुकलो मी! ते मशरूम नाहीत. ती राणी आहे, कोळीण. त्या डबीत तिची अंडी होती हो! तीन वर्षांची आशा माझी! तुम्ही जाळलीत ती. तुमचा दोष नाही, मीच गाढव!"

साधनावहिनींनी कपाळाला हात लावला.

चांगुणाबाईंनी कनवटीची चंची सोडली. त्यातून कुंकवाची जुनी लाकडी डबी काढली आणि उघडून जावयापुढे धरली. आत मऊ कापसाच्या गादीवर पुंजका ऐटीत बसला होता.

"आठ पायांचं मशरूम मी पहिल्याच दिवशी बघितलं," त्या म्हणाल्या. "कांद्याच्या चाळीत जन्म गेला माझा, कोळ्याचं घर वळखू नये का मी? समईची ऊब कितीशी पुरणार? पहाटे बघितलं तर डबी गारठलेली. जीव शे तो! म्हणून कनवटीला लावला. फिरवतेय पण, काळजी करू नका."

कुंदनरावांनी भर मंडपात सासूबाईंचे पाय धरले. "पण आई, मी वाती सोडत होतो तेव्हा सांगायचं ना!"

"मला मशरूम सांगितलं ना तुम्ही? म्हटलं, कधी खरं बोलता ते बघू."

पुढचे पंधरा दिवस ती डबी चांगुणाबाईंच्या कमरेवरून हलली नाही. मग एका दुपारी पुंजक्यातून मोहरीएवढी पिल्लं बाहेर पडली, तब्बल एकशे बारा. हर्षल निफाडहून धावत आला. साधनावहिनींनीसुद्धा (लांबून का होईना) कौतुक केलं. कुंदनराव तर आनंदानं रडायचेच बाकी होते.

"पण आई, राणीनं अंडी टाकली का हो? माझं काय चुकलं?"

"बाळंतिणीच्या खोलीचं दार दर दहा मिनिटांनी उघडून कुणी डोकावतं का? झाकण काढ, टॉर्च मार, फोटो काढ. वैतागली बिचारी. पहिला नवरा खाल्ला तिनं, तुम्ही वाचलात हेच नशीब!"

राणी घरातच राहिली. शिक्षा तेवढी कुंदनरावांना झाली. सोडलेल्या चारशे वाती त्यांनी एकट्यानं पुन्हा वळून मंदिरात द्यायच्या. चार रविवार मान मोडून त्यांनी त्या वळल्या आणि मालनबाईंकडे पोचत्या केल्या.

पाचव्या रविवारी पिशवी जशीच्या तशी परत आली. सोबत निरोप होता, "एकही वात धड पेटत नाही. पुढच्या वेळी राणीलाच वळायला सांगा."