थोरल्या जाऊबाईंचा लाल हत्ती पेढीने नेला त्याची हकीकत

आदौ चुलीस नमन, मग उखळ-मुसळास नमन, मग ज्या धनकोच्या पोटी अजून धीर शिल्लक आहे त्यास विशेष नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, चैत्र शुद्ध प्रतिपदा. ते समयी एका राज्यात दोन जावा मसाल्याच्या दोन गाद्या चालवीत होत्या. थोरल्या अंबिकाबाई आणि धाकट्या हेमलताबाई. सासूबाईंमागे घर मधोमध वाटले गेले, आठवड्याचे सहा बाजार तीन-तीन वाटले गेले, अंगण तेवढे एक राहिले. त्या पाडव्यास हेमलताबाईंनी कर्ज काढून चारचाकी मालगाडी आणिली. लोक तीस छोटा हत्ती म्हणतात. हत्ती अंगणात उभा राहिला, त्यास हळदकुंकू जाहले, नारळ फुटला, आणि अंबिकाबाई पडद्याआडून पाहत्या जाहल्या. पाहता पाहता हातातला चहा निवाला, आणि मग यजमान निळकंठराव यांस हुकूम जाहला, "उठा. आपल्याला हिच्यापेक्षा मोठी पाहिजे." निळकंठराव स्वभावे गरीब, घरात युद्धाचा रंग दिसला की आंघोळीस जात. ते म्हणाले, "अगं, आपला माल तेवढाच. मोठ्या गाडीत काय हवा भरायची?" बाई म्हणाल्या, "हवा भरा, पण मोठी आणा."

मग महिन्याभरात थोरल्या पातीची स्वारी पेढीवर गेली. लाल रंगाचा, धाकटीच्या हत्तीहून हातभर लांब असा हत्ती निवडिला. कारकून कागद पुढे करून पुसता जाहला, "बाई, हप्ता दरमहा सारखा ठेवू, की तुमच्या मोसमाप्रमाणे?" आणि येथेच घात जाहला. मसाल्याचे राज्य फाल्गुन ते वैशाख. मिरची वाळली की घरोघर वर्षाचा मसाला होतो, पुढे पावसाळाभर कोणी विचारीत नाही. हे बाईंस ठाऊक नव्हते ऐसे नाही. परंतु नजर घड्याळावर होती. हेमलता अकराला बाजारास निघते, तिने निघण्याआधी लाल हत्ती अंगणात दिसला पाहिजे! बाई म्हणाल्या, "ठेवा हो कसाही. सही कुठे करू?" आणि पावणेअकरास हत्ती अंगणात आला, आणि धाकटीने तो पाहिला, आणि बाईंस जो संतोष जाहला तो वर्णावा तितका थोडा.

पुढे पाऊस आला, गिऱ्हाईक गेले, हप्ता मात्र नेमाने येत राहिला. दिवाळीपर्यंत ओढाताण करून फौज तगली, मग एक हप्ता थकला, दुसरा थकला, तिसरा थकला. पेढीचे खलिते आले. त्यांत लिहिले होते की येऊन बोला, हप्ता फिरवून देऊ, न आलात तर गाडी उचलू. परंतु बाईंनी ते फोडलेच नाहीत. फोडावे तर यजमानांस सांगावे लागेल, यजमान भावास सांगतील, आणि मग ती हेमलता ऐकेल. पेढीचा फोन वाजे तो गादीखाली वाजे.

माघ वद्यात, बाजाराच्या दिवशी सकाळी, पेढीचे दोन सरदार अंगणात उतरले. मसाल्याची पोती चढवून झाली होती, मोसम पंधरा दिवसांवर होता. बाई गाडीस पाठ लावून उभ्या राहिल्या, "हात लावून दाखवा!" आवाज ऐकोन हेमलताबाई ओल्या हातांनी बाहेर आल्या आणि सरदारांस म्हणाल्या, "पेढीचं पत्र दाखवा. ओळखपत्र?" सरदारांनी दोन्ही दाखविली. थोरला सरदार म्हणाला, "ठाण्यात कळवलंय, ताई. नोटिसा तीन गेल्यात. अंगाला हात नाही लावणार कुणाच्या, पण गाडी न्यावी लागेल."

"मग पोती उतरवू द्या. गाडीवर तुमचं कर्ज आहे, मसाल्यावर नाही. आणि सामानाची यादी करून सही द्या."

"देतो की. आमचं मसाल्याशी वैर नाही," ऐसे म्हणोन सरदार पोत्याजवळ गेला आणि सात वेळा शिंकला.

मग हत्ती गेला. बाईंस जे दुःख जाहले त्यात हत्तीचे सहा आणे. हेमलतेने पाहिले याचे दहा आणे. अंबिकाबाई पोत्यावर बसून म्हणाल्या, "झालं समाधान?"

"अक्का, श्रावणात माझेही दोन थकले होते. मी पेढीत जाऊन बसले. हप्ते मोसमावर फिरवून घेतले. व्याज चढलं थोडं, पण गाडी राहिली."

बाईंच्या चित्तात आले, थकले तेही हिचे आधी, सुटले तेही हिचेच आधी!

"अजून लिलाव झाला नाही," हेमलताबाई म्हणाल्या. "थकलेलं आणि उचलल्याचा खर्च भरला तर गाडी परत मिळते. झेपत नसेल तर पेढीला विचारून आपणच गिऱ्हाईक आणायचं. लिलावात मातीमोल जाते, आणि कमी पडेल ते तुमच्याच डोक्यावर राहतं."

"आणि मोसम? तो काय डोक्यावरून नेऊ?"

"माझ्या गाडीत घाला पोती. अर्धी रिकामीच जाते."

"नको गं बाई तुझे उपकार."

ऐसे ऐकताच धाकटी भडकली. "उपकार कसले डोंबलाचे! गाडी का आणली मी? तुमच्या मसाल्याला बायका पलीकडच्या गावाहून पायी येतात. माझा दारात नेऊन दिला तरी विचारतात, थोरलीचा नाही का? सात वर्षं ऐकतेय. जळून आणलीय ती गाडी!"

मग अंबिकाबाई हळूच बोलल्या, "काय विचारतात?"

"थोरलीचा नाही का."

"कोण?"

"सगळ्याच."

"नावं सांग, हेमे."

हेमलताबाईंनी अकरा नावे सांगितली. बाईंनी ती बोटांवर मोजिली, बारावे आहे का पुसले, आणि मग पदर खोचून उठल्या. "चल पेढीत. कारकुनाशी तूच बोल. मी नुसती बसेन."

मग पेढीची संमती घेऊन लाल हत्ती एका फरशीवाल्यास विकला, कर्ज फिटले, वर साडेचार हजार उरले ते बाईंनी मागून घेतले, आणि फाल्गुनात दोघींची पोती एका गाडीत चढली. आपला माल संपला तरी अंबिकाबाई धाकटीची पोती मोजल्याविना परतत नाहीत. कमी उरली असली तर वाटेत एक शब्द बोलत नाहीत. जास्त उरली असली तर स्वतः उभ्या राहून, गिऱ्हाइकांस दटावून, विकून देतात.

सारांश, हत्तीची मोहीम आटोपली, मत्सराची सुरू आहे. उभय पक्ष खुशाल.