तीनशे माणसांचं कापायचंय, महाराज!

या, असे पुढे सरकून बसा. त्या खांबाला टेकू नका. टेकलेल्या माणसाला कथा निम्मीच ऐकू येते आणि उरलेल्या निम्मीत तो घोरतो. बडोद्याच्या राजवाड्याच्या दारातून एक महाराज दिवसाढवळ्या कसे नाहीसे झाले, ते आज सांगतो. हात जोडून ऐकलंत तरी चालेल. मी ती सगळी दुपार हात जोडूनच काढली होती.

पण महाराजांच्या आधी आमचे तुकोजीराव. त्यांनी स्वतःची ओळख कार्डावर छापूनच घेतली आहे, तेव्हा शब्द त्यांचेच देतो: ‘तुकोजीराव, खासगी शोधक. गायकवाडी पागेतल्या शिलेदारांचे सख्खे पणतू. टापेच्या ठशावरून स्वाराचं गोत्र सांगणारी नजर. हरवलेली माणसं, वस्तू व अब्रू शोधून मिळेल. पाणीगेट.’ ते गोरव्याच्या एका कारखान्यात फाटकावर बसून कामगारांचे जेवणाचे डबे तपासतात, एवढं मात्र कार्डात मावलं नाही. तोवर त्यांनी तीन प्रकरणं हाताळली होती. दोन चपलांची होती आणि तिसऱ्यात तेच हरवले होते.

मी सदानंद, त्यांचा सहायक. पोटासाठी बँकेत जातो आणि जिवासाठी कीर्तनाला. शहाण्णव सालचा डिसेंबर होता. घरोघर केबल आलेली, त्यामुळे आमच्या देवळात कीर्तनाला सहा डोकी जमायची. त्यातलं एक पुजाऱ्याचं, आणि त्याला येणं भागच होतं. पहिल्या रांगेत मात्र नेमानं कौशल्याकाकू. वय ब्याऐंशी, डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण बुवांचा ताल केसभर सरकला तर काकूंची टाळी थांबायची आणि बुवांना घाम फुटायचा.

या काकूंना त्यांचा मुलगा इंद्रनील अंबाल्याला घेऊन चालला होता, कायमचा. रात्री आठची गाडी. चार दिवस आधी काकूंनी माझा हात धरला. “सदानंदा, तिकडे मला सुदामा कोण ऐकवणार रे? जायच्या आधी एकदा ऐकव.” मी सांगलीच्या हेरंबबुवांना पत्र टाकलं, तार केली, शेवटी फोन केला. कीर्तन काकू निघायच्या दिवशीच संध्याकाळी पाचला ठरलं.

बुवा सकाळीच उतरले. चहा घेतला आणि लहान मुलासारखे म्हणाले, “राजवाडा दाखवा की हो!” आणि ही दाखवण्याची जबाबदारी तुकोजीरावांनी स्वतःहून घेतली. तिथंच आमचे ग्रह फिरले.

लक्ष्मीविलासच्या दरबार हॉलमध्ये ते म्हणाले, “इथं माझ्या पणजोबांचा घोडा उभा राहायचा.”

“दिवाणखान्यात घोडा?” बुवा म्हणाले.

“घोडा फार सुसंस्कृत होता.”

रंगीत काचा पाहून बुवांचे डोळे भरून आले. “द्वारका अशीच असणार बघा. सुदामा दारात आला तेव्हा असाच दिपला असणार.” मला वाटलं, आता संध्याकाळ सोन्याची होणार.

एक वाजता आम्ही बाहेर आलो. सांगलीत बुवांना बुवाच म्हणतात, पण राजवाड्याच्या फाटकात तो शब्द तुकोजीरावांना तोकडा वाटला असावा. ते शिलेदारी आवाजात गरजले, “महाराज! आपण इथंच गेटपाशी उभे राहा. आम्ही रिक्षा आणतो!”

पाच मिनिटांत रिक्षा आली. बुवा नव्हते. जमिनीवर त्यांची एक चिपळी पडली होती.

तुकोजीरावांनी ती रुमालात गुंडाळली, हुंगली आणि डोळे मिटले. “अपहरण.”

“कशावरून?”

“स्वखुशीनं जाणारा माणूस दोन्ही चिपळ्या नेतो.”

शेजारच्या पानवाल्याला विचारलं. तो चुना लावता लावता म्हणाला, “महाराज ने? सफेद धोतियावाळा? बे जण आव्या, हाथ पकड्यो ने वॅनमां बेसाडी दीधा.”

“दोघांनी हात धरून वॅनमध्ये बसवलं? काही बोलले?”

“हा. पूछ्युं के, महाराज, छरी लाव्या छो ने? त्रणसो माणसनुं कापवानुं छे.”

सुरी आणली का? तीनशे माणसांचं कापायचंय! मी पानाच्या टपरीलाच नमस्कार केला. तुकोजीराव मात्र लग्नात पहिल्या पंगतीला बसावं तसे खुलले. “सदानंद, हे प्रकरण चपलांचं नाही!”

मग तर्कांची नुसती आतषबाजी. पहिला तर्क, भुयार. राजवाड्यातून थेट चांपानेरपर्यंत भुयार आहे आणि बुवांना त्यातून नेलं. मी म्हटलं, “वॅनमधून नेलंय हो.” ते म्हणाले, “भुयार रुंद असेल.” दुसरा तर्क, बुवा हे बुवा नव्हतेच. कीर्तनकाराच्या वेशातला तो कुणी निष्णात तलवारबाज. “मनगटं पाहिलीस? आडवं-उभं कसं फिरवत होता!” “ते झांज वाजवून झालेत.” “तेच सोंग!” तिसऱ्या तर्कात दरबारातली जुनी शस्त्रं लुटायला तीनशे जणांची टोळी आली होती. आता ती दुसऱ्या वाड्यावर चालून जाणार, म्हणून आम्हीही जायचं.

रिक्षातून आम्ही नजरबाग वाड्यापाशी गेलो. तिथं टोळी नव्हती, एक म्हैस होती. तुकोजीरावांनी तिच्याकडेही संशयानं पाहिलं. तिथून मकरपुऱ्याच्या राजवाड्याकडे. फाटकावरच्या शिपायाला ते खालच्या आवाजात म्हणाले, “महाराजांना कोणी पळवून आणलंय का इथं?” शिपाई म्हणाला, “महाराजांना जाऊन फार वर्षं झाली, साहेब. तुम्हांला आज कळलं?” मग कीर्तिमंदिर, मग न्यायमंदिर. बाहेरगावच्या पाहुण्याला चार दिवसांत दाखवावं एवढं बडोदं मी अडीच तासांत पाहिलं, आणि त्यातलं काहीही पाहिलं नाही. डोळ्यांपुढे एकच दिसत होतं: काकू पहिल्या रांगेत बसल्यात, हात टाळीसाठी तयार आहेत, आणि समोर कुणीच नाही.

साडेतीन वाजले. फतेगंजच्या एका पीसीओवरून मी घरी फोन लावला. आमची बायको उल्का शांतपणे सगळं ऐकत होती. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“म्हणजे भर गेटात तुम्ही त्यांना काय म्हणून हाक मारलीत?”

“महाराज.”

“आणि त्यांच्या अंगावर धोतर, उपरणं, कपाळाला गंध.”

“हो.”

“आणि लगीनसराई चालू आहे.”

“उल्के, माणूस मरणाच्या दारात आहे!”

“अहो, तीनशे माणसांची भाजी चिरायच्या दारात आहे! उभ्या गुजरातेत महाराज म्हणजे आचारी. तुमचा जन्म गेला ना इथं? गेटपाशी उभे राहा म्हणून कुणीतरी आपल्या आचाऱ्याला सांगून ठेवलं असणार, आणि तुमचे बुवा आयते उभे. जवळचा पार्टी प्लॉट बघा. आणि त्या तुकोजीभाऊजींना म्हणावं, घोड्याच्या टापा पुरे, वरणाचा वास घ्या!”

मी फोन ठेवला. तुकोजीरावांनी विचारलं, “काय म्हणाली?” मी सांगितलं. ते रुमालातली चिपळी खिशात टाकत म्हणाले, “माझा चौथा तर्क हाच होता.”

राजवाड्याच्या गेटपासून चारशे पावलांवर तो पार्टी प्लॉट, म्हणजे लग्नासाठी भाड्यानं मिळणारं मैदान. मांडवामागं चुली पेटलेल्या, पातेली एवढी मोठी की आत तुकोजीराव मावले असते. आणि मधोमध, धोतराचा काचा मारलेले हेरंबबुवा, उरलेली एक चिपळी पळीवर वाजवत! भोवती चाळीस बाया पापडी निवडत, दुधी चिरत बसलेल्या. सगळ्या सुऱ्या एका तालात चालत होत्या.

बुवांना गुजराती ओ की ठो कळत नव्हतं. मला पाहून ते हर्षानं ओरडले, “सदानंदराव, काय हो तुमचं गाव! तीनशे श्रोते येणार म्हणाले! महाप्रसादाची तयारी दुपारपासून! मी म्हटलं, बायाबापड्या राबतायत, तर पूर्वरंग इथंच उरकून घेऊ. आणि रंगाच्या भरात सुदामाही निघाला!”

खरा आचारी दोनला आला होता. तोही झारा टेकून बसला होता. डाळ करपत होती. नवऱ्या मुलीचे वडील डोक्याला हात लावून उभे. मी त्यांची क्षमा मागून बुवांचा हात धरला, तर एक म्हातारी बा दुध्याची सुरी रोखून उठली. “ए भाई! सुदामो हजी दरवाजे ऊभो छे. एने अंदर तो जवा दे!”

सुदामा अजून दारातच उभा, आणि बुवांना हलू द्यायला कुणी तयार नाही. चार वाजून गेलेले. देवळात काकू येऊन बसणार. मी मुलीच्या वडिलांपुढे हात जोडले आणि काकूंचं सगळं सांगितलं. ते थोडा वेळ करपलेल्या डाळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तो बाने अहींयां लई आवो ने. लग्नात एक बा जास्त झाली तर काय बिघडतं?”

पुन्हा उल्काला फोन, काकूंना इकडेच पाठव म्हणून. पाचाच्या ठोक्याला रिक्षा आली. आत काकू, इंद्रनील आणि काकूंची बांधलेली वळकटी. काकूंना पाटावर बसवलं. त्यांनी नाक वर केलं. “सदानंदा, देवळात फोडणीचा वास कसा रे?”

“आज देव जेवणार आहे, काकू.”

बुवांनी सुदाम्याला एकदाचा आत घेतला. भाषा मराठी, पण कृष्ण धावत निघाला तेव्हा सगळ्या बाया रडल्या, आचारी रडला, वऱ्हाडातले उभे राहून ऐकू लागले. तुकोजीराव हुंदके देत म्हणाले, “कांद्यानं झालंय.” कांदा कुणी चिरत नव्हतं, जैनांचं लग्न होतं. आणि काकूंची टाळी एकदाही थांबली नाही.

सातला इंद्रनील हळूच म्हणाला, “आई, गाडी.” काकू उठल्या. बुवांच्या पायांकडे वाकायला लागल्या, तर बुवाच खाली वाकले. मग माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून म्हणाल्या, “पोचला हो सुदामा.”

अंबाल्याला त्यांच्या घरी टीव्ही आहे, सून गोड आहे, सगळं आहे. फक्त कीर्तन नाही. म्हणून एवढंच मागतो. यापुढे कुठं टाळ वाजले आणि तुमचे हात आपसूक जुळून आले, तर एक टाळी आमच्या कौशल्याकाकूंच्या नावानं वाजवा. तालात वाजवा मात्र. त्यांचे कान फार तिखट आहेत.