बोलरबाईंचा ट्रेनर

बायकोची संघात निवड व्हावी म्हणून आपणच तिचा ट्रेनर व्हायचं, असं पाणीपुरवठा कचेरीतल्या कारकुनाने ठरवलं, तेव्हा बिचाऱ्याच्या मनात निव्वळ प्रेम होतं. (अनुभव म्हणाल, तर कचेरीतल्या फायलीसुद्धा तो शिपायाकडून उचलून घेत असे.) बायको शाळेत भूमिती शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी वेगवान गोलंदाजी करायची. वय पस्तिशीपार गेलेलं. यंदा निवड झाली नाही, तर पुन्हा कोणी बोलावणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

निवडीच्या दिवशी सकाळी ती बुटांच्या नाड्या बांधत होती, तेवढ्यात स्वारी म्हणाली, "थांब, एक शेवटचा व्यायाम बघून जा. बोलरची खरी ताकद हातात नसते, मांड्यांत आणि कमरेत असते. पाठ ताठ ठेवून वजन उचलायचं. हे असं!"

"अहो, तो सिलिंडर भरलेला आहे!"

"मग काय रिकामा उचलू?"

सिलिंडर जागचा हलला नाही. कमरेत मात्र कट्‌कन आवाज झाला आणि "गेली, गेली!" असं ओरडत स्वारी होती तशीच वाकून राहिली.

"काय रे, काय गेलं?" आतून आईने विचारलं.

"कंबर गेली!"

"मग ओरडतोस कशाला? मला वाटलं, दूध उतू गेलं."

"तू जा," तो फरशीकडे बघत बायकोला म्हणाला. (दुसरीकडे बघायची सोयच उरली नव्हती.) "माझ्यापायी उशीर नको."

"आणि तुम्हाला असं घडी घालून ठेवू? मैदानावर फिजिओ आहेत. चला."

"मला पाऊल टाकता येत नाही गं."

"तुम्हाला टाकायला सांगतंय कोण?"

लिफ्ट बंद होती. तिने किटबॅग गळ्यात अडकवली, नवऱ्याला पाठुंगळी घेतलं आणि चौथ्या मजल्यावरून उतरायला लागली. जिन्यात शेजारचे काका भेटले. "सांभाळून हं!" ते कळवळून म्हणाले.

"थँक्यू, काका."

"तुम्हाला नाही, सूनबाईंना म्हणालो."

टॅक्सीने मैदानाच्या फाटकापर्यंतच सोडलं. तिथून पुन्हा तेच वाहन. तिच्या खांद्यावर हनुवटी टेकलेल्या कारकुनाला भरून आलं. आयुष्यातली संधी समोर असताना आपल्याला टाकून न जाणारं माणूस आपल्या वाट्याला आलंय, आणि आपण हिला ताकद शिकवायला निघालो होतो! तो मनातल्या मनात तिच्या पाया पडला. (प्रत्यक्षात आणखी वाकणं आता डॉक्टरांच्या परवानगीनेच.)

फिजिओने त्याला बाकावर पालथा घातला. तिथून त्याला खेळपट्टीचा जेमतेम एक कोपरा दिसत होता, पण दांडी उडाल्याचा आवाज ओळखायला डोळे लागत नाहीत. लगेच दुसरी उडाली.

"बाकीच्या मुलींचं अंग मोकळं व्हायला अर्धा तास गेला," कोचबाई कौतुकाने म्हणाल्या. "तुम्ही तर आल्या आल्याच तापलेल्या! घेतलं तुम्हाला संघात. असा कोणता व्यायाम करून आलात?"

बायको धावत बाकापाशी आली. तिचे डोळे पाणावले होते. "हे सगळं यांच्यामुळे झालं," नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली. "यांना पाठुंगळी घेऊन आले ना!"

कृतार्थ होऊन कारकुनाने मान जमेल तेवढी वर केली. आपल्यालाही दोन शब्द बोलायला सांगतील, म्हणून घसा खाकरला.

तेवढ्यात रांगेतली एक तरुण बोलर पुढे आली. तिने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि अदबीने बायकोला विचारलं,

"ताई, तुमचं झालं असेल, तर यांना मी घेऊ का जरा वेळ?"