थंड पिठाचे गुंडप्पा

माझं टक्कल विजेच्या गिरणीमुळं पडलं, हा शोध आमच्या शेजारच्या गुंडप्पांचा. "गुरुजी, गिरणीत पीठ तापतंय. तापलेलं पीठ पोटात गेलं की वाफ वर जाती. केस कशाला थांबतील?" कुणाचा मुलगा नापास झाला, तरी "तापलेलं पीठ!" सरपंचांनी पक्ष बदलला, तरी "तापलेलं पीठ!"

थंड पीठ फक्त त्यांच्याकडं. उदगीरकडच्या आमच्या गावात नदीला निजामाच्या काळातला दगडी बांध आहे. बांधातून पाट निघतो आणि सगळी जुनी पेठ त्या पाटाच्या काठानं वाकडीतिकडी बसलीय. पाटाच्या टोकाला गुंडप्पांची पाणचक्की. खाली पाण्यावर चाक फिरतं, वर दगड. "झोप झाली का, मालकीणबाई?" असं दगडाला विचारल्याशिवाय त्यांचा दिवस उगवत नाही. गिऱ्हाईक वर्षातून चार. तरी हे दिवसभर मूठमूठ ज्वारी टाकत चक्की चालू ठेवतात. मी त्याला येडेपणा म्हणायचो.

मध्यंतरी पाट बुजवून रस्ता करायचं घाटायला लागलं. पेठ आणि चक्की सरकारी वारशाच्या यादीत जावी म्हणून मी अर्ज लिहिला. त्यात ‘ऐतिहासिक’ हा शब्द इतक्या वेळा आला, की त्या खात्याचे साहेब घाबरून स्वतःच बघायला आले.

दगड झाडायला गुंडप्पांनी चक्की दोन मिनिटं थांबवली आणि ते झाडू आणायला गेले. छाप पाडायची संधी! मीच पाटाचं पाणी अडवणारी फळी उचलली. चक्कीच्या तोंडात दाणा नव्हता, हे मला कोण सांगणार? दगडाला दगड भिडला, ठिणग्या उडाल्या, साहेब फायलीसकट दाराबाहेर.

"आरं, दगड खायलीय की ती!" गुंडप्पा धावत आले. ज्वारीचं पोतं आतल्या खोलीत. हाताशी होतं साहेबांसाठी मांडलेलं चिवड्याचं ताट. ते त्यांनी तसंच चक्कीत ओतलं. शेंगदाणे, कढीपत्ता, सगळं दळून निघालं. मग फळी टाकून चाक थांबवलं आणि माझ्याकडं वळले. "गुरुजी, तुमचं लई आतपतूर तापलंय!"

साहेब पोट धरून हसले. चक्की सगळीकडून बघितली, मापं घेतली. म्हणाले, "यादीत घेऊ. पाट बुजणार नाही. चक्कीला मात्र कुलूप. चाक बंद, बाहेर फलक."

मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच.

गुंडप्पा गल्लीकडं बघत होते. "बंद म्हंजे... कायमचं?"

"जपायचं तर बंदच ठेवावं लागतं, अप्पा."

"साहेब, घरात बायकोला आता डोळ्यानं दिसत न्हाई. चक्कीचा आवाज हाय तवर ती गप बसून राहती. थांबला की मला काय झालं म्हणून निघती. पाट उघडा हाय, साहेब."

आणि खरंच, भिंत चाचपत महादेवीकाकू वळणावर आल्या. पायाखाली पाटाचा काठ.

"ओ, हितंच हाव न्हवं तुमी?"

"हाव की! मी कुठं जातो?" गुंडप्पा अनवाणी पळाले. "पाव्हण्याचा चिवडा दळायलोय," म्हणत त्यांनी काकूंना भिंतीकडच्या बाजूला घेतलं.

साहेबांनी वहीतली कुलपाची ओळ खोडली. "गुरुजी, हे अर्जात कुठंच नव्हतं."

कुठून असणार? वीस वर्षं आमच्या घरांची भिंत एक आहे, आणि मला माहीतच नव्हतं.